उभ्यानं दिसणारा रंग

दादा मॉनिटरसमोर बसायलाच तयार नव्हता.

पिंगळ्यानं त्याच्यासाठी खुर्ची ओढून दिली, फडक्यानं पुसून दिली, "बसा ना काका" असं तीनतीनदा म्हणून झालं. दादा नुसतं हूं हूं करायचा आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहायचा. तिथून मान वाकडी करून पडद्याकडं बघायचा, मग एक पाऊल डावीकडं सरकायचा, पुन्हा बघायचा. बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस बैलाभोवती फिरतो, तसं त्याचं चाललं होतं. फक्त दात तपासायचे तेवढे राहिले होते.

"दादा, मॉनिटर बसून बघतात," मी म्हणालो.

"तू शिकव आता मला," तो म्हणाला आणि उजवीकडं सरकला.

डब्यासारखे जाडजूड मॉनिटर जाऊन चपटे यायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी नाशकात कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. पिंगळे माझा जुना विद्यार्थी, एम. जी. रोडच्या एका गाळ्यात त्याचं दुकान होतं. आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मधुकर, येवल्याला घरीच पैठणीचे दोन हातमाग चालवायचा. एकावर तो स्वतः बसायचा, दुसऱ्यावर एक विणकर ठेवला होता. पण दादाची खरी ओळख म्हणजे त्याची नक्षी. पदरावरचा मोर असा काढायचा की वाटावं, आता हा मान वळवून बघणार. आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत काढायचा, मग मी त्याला एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला तेव्हापासून पडद्यावर. दुसऱ्याला जे शिकायला वर्ष लागतं ते तो दोन महिन्यांत शिकला. ह्याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःकडं घेत होतो.

घोळ झाला तो रंगाचा. पुण्याचे एक व्यापारी दादाला काम द्यायचे. नवरीला हव्या त्या रंगाचा फोटो ते ईमेलवर पाठवायचे, दादा पडद्यावर बघून रंग ठरवायचा, त्याप्रमाणं रेशीम रंगवून यायचं आणि ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, मागावर चढायचा. दिवाळीच्या सुमारास जुना डबा मॉनिटर बंद पडला. येवल्यातलं एक नेट कॅफे बंद होत होतं, तिथून दादानं एक चपटा मॉनिटर उचलून आणला. स्वस्तात मिळाला, टेबलावर जागाही झाली, सगळे खूश. आणि त्यानंतर जी पहिलीच मोठी साडी विणली ती फसली. नवरीला हवा होता वांगी रंग. दादानं विणली अंजिरी. कित्येक महिन्यांचं काम घडी मोडल्याबरोबर परत आलं.

व्यापारी भला माणूस. तो म्हणाला, मधुकरराव, नवरीकडच्यांना मी कसंबसं थांबवलंय, दुसरी विणून द्या. पण आता चुकलात तर मला दुसरा माग शोधावा लागेल. दादाचे दोन्ही माग त्या एकाच व्यापाऱ्यासाठी चालत होते. तो गेला की माग बंद, आणि मागांबरोबर घरही. म्हणून दादानं मला फोन केला. "मॉनिटर खोटं बोलतो रे," तो म्हणाला. "रंग खरा दाखवणारा एखादा बघून दे. पण खिसा बघून बघ."

ठरल्या दिवशी तो आला, आणि आश्चर्य म्हणजे रत्ना वहिनींना घेऊन आला. वहिनी घर सोडून सहसा कुठं जात नसत. स्टँडवर उतरले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. दादा पुढं, वहिनी चार पावलं मागं. आमच्या घरी चहा झाला, दादा तोंड धुवायला गेला, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, इथं डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे का कुणी?"

"कुणाला दाखवायचंय?"

"मलाच. यांना सांगू नका. तुमचं दुकानाचं काम चालू असताना मी जाऊन येईन."

"काय होतंय डोळ्यांना?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. "ती साडी माझ्यामुळं फसली," म्हणाल्या.

मी हसलो. वहिनींचा स्वभावच तसा, घरात दूध नासलं तरी "मीच मघाशी दृष्ट लावली वाटतं" म्हणणाऱ्या. "साडी दादानं विणली, रंग दादानं ठरवला, आणि फसली तुमच्यामुळं? वहिनी, सगळ्याच गोष्टींचं पाप आपल्या माथी घेऊ नये. दुसऱ्यांनाही थोडं ठेवावं."

त्या हसल्या नाहीत. एरवी माझ्या थट्टेला त्या लगेच उत्तर द्यायच्या. मी त्यांना चिडवायचो ते बहुतेक एकाच गोष्टीवरून. येवल्याच्या घरी गिऱ्हाईक आलं की वहिनींना नेमका बाजार आठवायचा. माणसं बसलीत, रेशमाच्या लडी पसरल्यात, दादा रंगाबद्दल बोलतोय, आणि वहिनी चहाचा ट्रे घेऊन मागं येऊन म्हणणार, "अहो, येताना डाळिंबं आणाल का?" टोपलीत डाळिंबं दिसत असायची तरी. एकदा भर उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर त्यांनी आवळे आणायला सांगितले होते. "गिऱ्हाईक दिसलं की आमच्या वहिनींना भूक लागते," असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि वहिनी लटकं रागवायच्या. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडावर रागही नव्हता. मला चुकल्यासारखं झालं. डॉक्टरांकडं मी स्वतः घेऊन जातो, आधी दुकानात चला, एवढं सांगून मी विषय संपवला.

तर असे आम्ही तिघं पिंगळ्याच्या दुकानात. वहिनी दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, तोंड रस्त्याकडं, पडद्यांकडं पाठ. दादा बैल तपासतोय. आणि पिंगळे माझ्याकडं बघून डोळ्यांनी विचारतोय, सर, हे गृहस्थ नक्की काय करतायत?

फळीवर दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू होते. एक आमच्या खिशात बसणारा. दुसरा महाग, छापखानेवाले आणि जाहिरातवाले नेतात तसला. तो पिंगळ्यानं नुसता दाखवायला लावला होता. दोन्हींवर एकच फोटो होता. दादानं पेन ड्राईव्हमधून तोच आणला होता. नवरीच्या पोलक्याचं कापड, वांगी रंगाचं, ज्याच्यावरून सगळं रामायण झालं.

"समोरून बघितलं तर दोघांत एकोणीस-वीसचा फरक आहे काका," पिंगळे म्हणाला. "उगाच जास्त कशाला घालवता?"

दादानं त्याचं ऐकलंच नाही. "किशोर, इकडं ये," तो म्हणाला. "माझ्या जागी उभा राहा. असा, खुर्चीच्या मागं. आता त्या स्वस्तातल्याकडं बघ. कापडाचा रंग कोणता?"

विणकराच्या घरात जन्मलेल्याला रंगाचं नाव शोधावं लागत नाही. "अंजिरी," मी म्हणालो.

 दादा म्हणाला, "आता खुर्चीत बस. आणि बघ."

मी बसलो. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते कापड बदललं. फिकट लालसर होतं ते गडद झालं, भरलं, जांभळं झालं. मी उठलो, पुन्हा अंजिरी. बसलो, वांगी. शाळेतली पोरं उठाबशा काढतात तसा मी चार-पाचदा खालीवर झालो.

"नीट सांग," दादा म्हणाला.  "घाई करू नको. बसून कोणता?"

"वांगी. अगदी बाजारातनं आणल्यासारखं वांगी. तुलाही दिसतंय की, बघ ना."

दादानं पडद्याकडं बघितलंच नाही. तो दाराकडं वळला. "रत्ना," त्यानं हाक मारली, "इकडं ये."

बायकोला नावानं हाक मारताना मी त्याला जन्मात कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात "अगं" आणि "ऐकलंस का" यांच्यावर संसार व्हायचे. वहिनीही दचकल्या. पिशवी छातीशी धरून त्या उठल्या, पण जागेवरून हलल्या नाहीत.

"मला नका बोलावू," त्या म्हणाल्या. "एकदा झालं तेवढं पुरे झालं. माझे डोळे आता—"

"तुझे डोळे चांगले आहेत. ये."

त्या आल्या. आणि कुणी न सांगता खुर्चीच्या मागं, उजव्या बाजूला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या जागेची त्यांना इतकी सवय दिसत होती की मला वाटलं, आपण येवल्याच्या माडीवर, दादाच्या कॉम्प्युटरपाशीच उभे आहोत.

"रंग सांग," दादा म्हणाला.

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग पिंगळ्याकडं. बोलू की नको अशा. दादा पुन्हा म्हणाला, "सांग. काही होत नाही."

"अंजिरी," त्या पुटपुटल्या, आणि लगेच डोळे मिटून घेतले. "मला अजूनही अंजिरीच दिसतो हो. मी काय करू?"

"आता वाक. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं असतं तितकी खाली ये."

त्या वाकल्या.  मग सरळ झाल्या आणि पुन्हा वाकल्या. मग त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली रेशमाची लड काढली, वांग्याच्या सालीसारखी झळझळीत, आणि वाकून पडद्याशेजारी धरली. लड आणि कापड एक झालं. त्या ताठ उभ्या राहिल्या, आणि लड तीच राहिली, कापड मात्र फिकं पडलं.

"वांगी आहे हे," त्या म्हणाल्या. "अहो, हे वांगी आहे."

"हो."

"म्हणजे मी चुकीचं नव्हतं सांगितलं. मला जे दिसलं तेच मी सांगितलं होतं."

"हो. डबा मॉनिटर होता तोवर तू उभी असलीस काय आणि बसलीस काय, सारखंच होतं. हा चपटा आला आणि घात झाला. मला त्या दिवशी उठताना वाटलं, चित्र जरा पांढरं पडतंय. पण मला कसं कळणार खरं काय ते."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मला काहीच समजत नव्हतं. रंग वहिनींना उभ्यानं चुकीचा दिसला, ठीक आहे. पण बसणारा दादा होता. बसणाऱ्याला तर वांगी वांगीच दिसत होतं. मग साडी अंजिरी झाली कशी?

पिंगळे बिचारा दुकानदार. समोर काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण गिऱ्हाईक अडखळलेलं त्याला कळत होतं. तो पुढं झाला. "काका, ह्या पडद्याची ती खोडच आहे. समोरून बघा, एक नंबर. वरनं बघितलं की रंग फिरतात. त्या महागातल्याचं तसं नाही, छतावरून बघा नाहीतर जमिनीवरून, रंग तोच. पण मी म्हणतो, तुम्हाला त्याची गरज काय? कॉम्प्युटरवर बसणार कोण, तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"मग झालं तर! मागं उभ्या राहणाऱ्या माणसाला कसा दिसतो, ह्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

 दादानं महागड्या मॉनिटरकडं एकदा बघितलं. तो आपल्याला झेपणार नाही हे त्याला कळत होतं. आधीच्या साडीत सगळं अडकलेलं होतं. पण दुकानात येऊन तो उभ्याउभ्याच बघत होता ते मागं उभ्या माणसाला रंग कसा दिसतो हे कळावं म्हणूनच, हेही मला आता दिसत होतं. फक्त का, ते दिसत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. डोळे पुसून, अगदी घरच्या मालकिणीच्या खणखणीत आवाजात. "बरोबर आहे ह्यांचं. मी आपली उगाच मागं उभी असते, चहापाणी द्यायला. रंग बघायचे ते यांनाच. तो स्वस्तातलाच बांधा, भाऊ." आणि दादाच्या जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "मी ट्रे ठेवायचं निमित्त करून वाकत जाईन. नाहीतर बाजूला गव्हाची परात घेऊन बसेन. जमेल मला. चला."

मी शेजारीच होतो म्हणून ते ऐकू आलं. दादानं वहिनींकडं असं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसांनी चारचौघांत असं बघू नये.

"खोटं बोलू नकोस," तो म्हणाला.

"अहो—"

"पुरे झालं. किती दिवस माझ्यापायी वाकणार आहेस?"

"अहो, दुकान आहे हे. भाऊजी आहेत."

"असू दे. ऐकू दे त्याला." दादा माझ्याकडं वळला.  त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "किशोर, मला रंग दिसत नाहीत."

मला आधी वाटलं, त्याला नंबर लागलाय. "म्हणजे अंधुक दिसतं?"

"अंधुक नाही रे. मोराच्या पिसातलं सूत न् सूत दिसतं. पण लाल आणि हिरवा मला सारखाच. वांगी, अंजिरी, शेवाळी, आमसुली, ही नुसती नावं आहेत माझ्यासाठी. लहानपणापासून. पिवळा कळतो, निळा कळतो. बाकीचे पाठ केलेत मी. आंबा पिकला की पिवळा, पान हिरवं, कुंकू लाल. मागावर लडी ठरल्या जागी टांगलेल्या असतात म्हणून हात चुकत नाही. टांगणारी ही."

पिंगळ्यानं गिऱ्हाइकाला दाखवायचा हसरा चेहरा उतरवून ठेवला आणि तो उगाच एक वायर गुंडाळायला लागला.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"बाबांना कळलं असतं तर मला मागावर बसू दिलं असतं होय? विणकराच्या पोटी रंगाचा आंधळा, म्हणजे गवयाच्या घरी बहिरा. मी कुणालाच सांगितलं नाही. लग्न झालं, पहिला श्रावण आला. हिनं हिरवा चुडा मागितला. मी मोठ्या हौसेनं आणला, तपकिरी. आळीतल्या बायका विचारायला लागल्या, हे काय गं, श्रावणात तपकिरी? ही म्हणाली, मला हाच आवडतो. महिनाभर घातला तो चुडा. मला एका शब्दानं बोलली नाही. नंतर एकदा गिऱ्हाईक बसलं होतं आणि मी रंगाला अडलो होतो, तर मागं येऊन म्हणाली, येताना डाळिंबं आणाल का."

मी वहिनींकडं बघितलं. त्या खाली मान घालून लड रुमालात बांधत होत्या.

"गिऱ्हाईक आलं की हिला भूक लागते म्हणायचास ना तू," दादा म्हणाला. "डाळिंबं म्हणजे डाळिंबी. आवळे म्हणजे आवळी. त्या दिवशीही माणसं बसली होती, ही मागनं अंजिरं म्हणाली, म्हणून मी अंजिरी लिहिलं. आणि साडी परत आली तेव्हा हिला काय म्हणालो माहितीय? म्हणालो, तुझ्या भरवशावर बसलो आणि बुडालो. त्या दिवसापासून ही माडीवर आली नाही. नवी साडी मागावर चढायचीय, रंग ठरवायचाय, आणि ही आपली डोळ्यांत थेंब घालत बसते. कसले तरी, शेजारणीनं दिलेले."

मला त्याचा राग आला. मग त्याची दया आली. आणि मग, खरं सांगायचं तर, दोघांचा अभिमान वाटला. माझ्यासमोर, माझ्या नाकाखाली, इतकी वर्षं दोन माणसं एका जोडी डोळ्यांवर संसार करत होती, आणि मी वहिनींच्या भुकेवर विनोद करत होतो.

"दादा, हा आजार नाही," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "पुष्कळांना असतं असं. कॉम्प्युटरमध्ये तर प्रत्येक रंगाला आकडा असतो, आकडा बघून सांगता येतं."

"लडीला कुठं आकडा असतो?" तो म्हणाला. 

वहिनी अजून हरल्या नव्हत्या. "भाऊ," त्या पिंगळ्याला म्हणाल्या, "तुम्ही ह्यातलं कुठं बोलू नका हं. येवल्यात कळलं तर यांच्या हाताला कुणी काम देणार नाही. नक्षी यांचीच आहे. शप्पथ सांगते, सगळी नक्षी यांचीच आहे."

"काकू, मी कशाला बोलू," पिंगळे म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

"बोलला तरी चालेल," दादा म्हणाला. "व्यापाऱ्याला मीच फोन करणार आहे. नक्षी माझी, रंग हिचे. हे त्याला पटलं तर ठीक, नाहीतर तो त्याच्या वाटेनं आणि आपण आपल्या."  मग पिंगळ्याला म्हणाला, "तो महागातला बंद करा. आपल्याला नको तो."

"अहो पण मग मला उभ्यानं—"

"उभं कुणी राहायचंच नाही. निदान तू तरी नाही."

व्यापाऱ्याला त्यानं खरंच फोन केला, त्याच संध्याकाळी, माझ्या घरून.  पलीकडून व्यापारी एवढंच म्हणाला, की मग आधी बाईंशी बोलू द्या, त्यांनी फोटो पाहिला का. येवल्यात चार दिवस कुजबुज झाली आणि पाचव्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला. नवी विणलेली साडी पसंत पडली. हे सगळं पुढचं. दुकानात आम्ही उभे होतो तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरीही दादानं ते बोलून टाकलं होतं.

त्यानं खुर्ची थोडी मागं ओढली आणि वहिनींना म्हणाला, "बस."

"तुमच्या खुर्चीत?"

"खुर्ची ह्या भाऊंची आहे. बस."

"मला नाही बाई असलं जमायचं. माऊस कसा धरतात तेही येत नाही."

"माऊस किशोर शिकवेल. त्याला तेवढंच येतं."

वहिनी अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. पिंगळ्यानं खालचा दांडा ओढून खुर्ची खाली घेतली, तशा त्या दचकल्या आणि दोन्ही हातांनी टेबल धरलं. पडदा आता बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दादा खुर्चीच्या मागं गेला, उजव्या बाजूला, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पिंगळ्यानं आपल्या मशीनमधलं एक रंगीत चित्र लावलं. कसल्या तरी फुलांच्या बागेचं होतं, शंभर रंग असतील त्यात.

"सांग," दादा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं. "ह्या डावीकडच्या फुलाचा रंग कोणता?"

वहिनी काही बोलेनात. दादा थोडा वाकला.

"अगं सांग ना. बरोबर दिसत नाही का?"

"थांबा हो जरा," वहिनी म्हणाल्या आणि पदरानं पुन्हा डोळे पुसले. "आत्ता मलाही काही दिसत नाहीये."